हातचा

कुताइसी. रिओनी नदीकाठचं रेस्तराँ.
पस्तीस वर्षांनी चौदाजण.
वर्गात एकतीस होतो, जलविद्युत शाखा,
धरणं बांधायला निघालेले.

पदवी मिळाली आणि तीन वर्षांत
जिचा शिक्का तिच्यावर होता ती राजवटच उरली नाही.
धरणांचं राहू दे,
त्या हिवाळ्यांत वीज यायची दिवसाला दोन तास
आणि आम्ही, वीज करायला शिकलेले,
रॉकेलच्या रांगेत डबे घेऊन उभे.

आज पेल्याचा मान गुरामकडे.
कॉलेजात तो माझ्या वहीतून उतरवायचा,
चुकांसकट.
आता तीन पेट्रोलपंप आहेत,
बोलायला लागला की आवरत नाही,
पण जेवण त्याच्या खर्चानं, म्हणून सगळे ऐकतात.

लामारा पहिली आली होती. लाल पुठ्ठ्याची पदवी,
सबंध वर्गात एकटीला.
ब्याण्णव साली त्या पुठ्ठ्याचा आडोसा
मेणबत्तीला पुरायचा, म्हणते.
बाजारात बसते, द्राक्षरसात बुडवलेल्या
अक्रोडांच्या माळा विकते.
मुलगा रॉटरडॅमला. काय करतो?
'पाणी अडवतो,' म्हणाली,
आणि आम्ही हसलो, मग जरा उशिरानं तीही.

झाइरा आणि तेन्गिझ टेबलाच्या दोन टोकांना.
घटस्फोटाला एकोणीस वर्षं झाली.
त्याचं दुसरंही टिकलं नाही.
मीठ हातोहात त्याच्याकडे निघालं
तेव्हा तिनं ते मध्येच अडवलं
आणि आपल्या ताटाआड ठेवून दिलं.
बोलणं नाही, चालणं नाही.

जुंबेर आणि मालखाज लढाईत गेले, सुखुमीकडच्या.
त्यांच्या नावानं ब्रेडवर वाइन ओतली.
ब्रेड तांबडा होत गेला.
कुणीतरी खाली बशी सरकवली,
टेबलावरचं कापड खराब होऊ नये म्हणून.

मग गुराम म्हणाला, आता आयांच्या नावानं.
सगळे उभे राहिले. मीही.

माझी गोष्ट इथं सगळ्यांना पाठ:
नातेला, अकरा वर्षं इटलीत, बारी शहरात,
परक्या म्हातारीला न्हाऊमाखू घालत होती.
सिन्योरा रोझाल्बा.
तिचं पाणी, तिची लघवी मोजून लिहायचे मी,
आवक, जावक,
जलाशयाचा हिशेब ठेवतात तसा.
दर महिन्याला मिनीबसनं घरी खोकं: साबण, पास्ता, बूट.
बूट नेहमी एक नंबर मोठे.
पोचेपर्यंत पाय वाढतो.

तेओना सहा वर्षांची होती. आईकडे ठेवली.
शाळेतल्या बेरजेसारखंच वाटलं होतं ते.
हातचा एक.
हरवत नाही तो, बाजूला लिहून ठेवायचा
आणि पुढच्या घरात मिळवायचा.
पुढच्या घराला अकरा वर्षं लागली.
दोन खोल्या, बाल्कनी, माझ्या नावावर.
तोवर तिनं बेरीज पुरी केली होती
मला न धरता.
उत्तर चुकलं नव्हतं.

पेले खाली आले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही,
इतकं ठरवून, की मला कळलं.
लामारानं माझ्या पर्समध्ये एक माळ कोंबली.

साडेदहाला बाहेर हॉर्न, दोनदा.
'कोण, जावई?' गुरामनं विचारलं.
मुलगी, म्हटलं. विमानतळावर असते,
रात्रपाळीला जाता जाता मला सोडेल.
पहाटेच्या बारीच्या विमानाला
बायकांच्या बॅगा तोलते ती.
किलोभर जास्त असलं तर काट्याकडे बघत नाही.

आजीला ती आई म्हणायची,
मला नावानं हाक मारते. सवयीनं, रागानं नव्हे.
'नातेला, पट्टा लाव.'
मी लावते.
अक्रोडाची माळ मोडून अर्धी पुढे करते.
'आत्ता नको,' ती म्हणते, आरशात बघत गाडी काढते,
'ठेव तिथं बाजूला.'